रोशाचे तेल : घरचा बुधला व दुकानाचा बुधला

गेल्या कोजागिरीस आपल्या ज्ञातिमंडळाचा दुग्धपानाचा कार्यक्रम जुहू येथे, आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर झाला, हे पुष्कळ सभासदांच्या स्मरणात असेल. चंद्र वर आला तसा समुद्रावरून दमट वारा सुटला आणि खुर्च्यांवर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींची चुळबूळ सुरू झाली. कोणाचा गुडघा धरला, कोणाची मान आखडली. पाहता पाहता पिशव्यांतून व खिशांतून मलमांच्या लहान लहान बाटल्या बाहेर निघाल्या. कोणाचे मलम पिवळे, कोणाचे पांढरे, कोणाच्या डबीवर वाघाचे चित्र. मसाल्याच्या दुधातील वेलदोड्याचा वास कोठच्या कोठे गेला आणि गच्चीवर कापूर व निलगिरी यांचे राज्य सुरू झाले. मग यांतले कोणते मलम खरे गुणकारी, असा वाद रंगला.

त्या वादात एका कोपऱ्यातून नव्वदी ओलांडलेल्या एका मावशी बोलल्या. त्यांचे माहेर तळोद्याकडचे, सासर शहाद्याचे. "आमनाकडे रोशानं तेल व्हतं," एवढे आपल्या बोलीत बोलून त्या शहरच्या मराठीवर आल्या आणि म्हणाल्या, "माहेरी आजीच्या गुडघ्याला भट्टीवरचे तेल लावीत असू, म्हातारी उठून चालू लागे. सासरी सासूबाईंसाठी दुकानातून आणीत. त्या तेलाला तो गुण कधी आला नाही. बोल मात्र माझ्या हाताला लागे." सासर-माहेराचा हा नेहमीचाच भेद, असे समजून मंडळी हसली. आम्हीही हसलो.

तरुण मंडळींपैकी एकासही रोशा हा शब्द ठाऊक नव्हता. चिटणीसांनी तेथल्या तेथे आम्हास गळ घातली, "गुरुजी, यंदाच्या स्मरणिकेसाठी यावर लिहा. आपल्या पूर्वजांच्या व्यापाराचा गौरव होईल." आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक, इतिहाससंशोधक नव्हे. तरीपण आमच्या आजोबांचे शहाद्यास किराण्याचे व काष्ठौषधींचे दुकान होते, रोशाचे तेल त्या दुकानातून मुंबईस जात असे आणि त्या दुकानाच्या काही चोपड्या आमच्या ट्रंकेत पडून होत्या. तेव्हा गौरव करण्याच्याच हेतूने आम्ही लेखणी उचलली, हे प्रारंभीच नमूद करतो.

विषयास हात घालण्यापूर्वी एक खुलासा करणे अवश्य आहे. तेल या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी भिन्न वस्तू मोजतो. घाण्यातून निघणारे तीळ, भुईमूग, करडई यांचे तेल स्थिर असते. त्याचा थेंब कागदावर पडला तर डाग जन्मभर राहतो. कोकणच्या किनाऱ्यावर संधिवातासाठी चोळतात ते उंडीच्या बियांचे तेल याच जातीचे. दुसरी जात भट्टीतून वाफेबरोबर निघणाऱ्या सुगंधी तेलांची. ही तेले उडून जातात. त्यांचा शुद्ध व ताजा थेंब कागदावर टाकला तर प्रथम ओला ठिपका दिसतो, काही वेळाने तो नाहीसा होतो, वास तेवढा दरवळत राहतो आणि अखेर तोही जाऊन कागद कोरा होतो. गंधपुरा, निलगिरी, लवंग, पुदिना यांची तेले या जातीची. कापूर घन असला तरी स्वभावाने त्यांच्याच घरचा. आमचे रोशाचे तेलही याच कुळातले. ही कागदाची परीक्षा वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

रोशा हे सातपुड्याच्या उतारांवर उगवणारे उंच गवत. पावसाळा सरता सरता त्यास तांबूस तुरे येतात आणि पान चुरगळले तर गुलाबासारखा, परंतु किंचित तिखट असा वास येतो. वासाचे कारण असे की, गुलाबाच्या अत्तरात जे जिरॅनिऑल नावाचे द्रव्य असते तेच या गवताच्या तेलात विपुल असते. गवताच्या दोन जाती भट्टीवाले ओळखीत, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या उतारावर विरळ वाढते व तिच्या तेलात जिरॅनिऑल शेकडा ७५ ते ९५ पर्यंत भरते. सोफियाचे तेल त्या मानाने हलके. आपल्या वैद्यकास हे गवत फार प्राचीन काळापासून परिचित आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्यास रौहिष, कत्तृण, सौगंधिक अशी नावे दिली आहेत. रोहिषाचाच रोशा झाला, हे उघड दिसते.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात मात्र त्यास एका फ्रेंच सेनानीचे नाव मिळाले. लखनौचे जनरल क्लॉद मार्टिन, ज्यांच्या संपत्तीतून ला मार्टिनियर शाळा निघाल्या ते, टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या पठारावर असताना त्यांच्या दृष्टीस एक गवत पडले. गुरे ते अधाशीपणे खात आणि त्याचा वास त्यांच्या दुधालोण्यासही येई. त्यांनी बी गोळा केले, लखनौस लावले व कलकत्त्यास डॉ. रॉक्सबर्ग यांजकडे पाठविले. रॉक्सबर्ग यांनी गवतास मार्टिनचे नाव दिले आणि ते आजही सिंबोपोगॉन मार्टिनी म्हणून ओळखले जाते. योगायोग असा की, सुगंधी वनस्पतींच्या लागवडीवर संशोधन करणारी सीमॅप ही केंद्रीय संस्था त्याच लखनौस आहे आणि रोशाच्या शेतीसाठी सुधारलेल्या जाती तिने काढल्या आहेत.

या तेलाचा संधिवातावरील उपयोग इंग्रज डॉक्टरांच्या ध्यानात लवकर आला. सन १८२५ मध्ये मॅक्सवेल यांनी व सन १८२७ मध्ये फोर्सिथ यांनी कलकत्त्याच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात निमाडच्या गवती तेलाविषयी लिहिले. निमाड म्हणजे आपल्या खानदेशचा शेजार; सातपुडा दोहोंस सामाईक. परंतु खास आपल्या भागाचे वर्णन पाहावयाचे तर सन १८८० मध्ये प्रसिद्ध झालेले खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले पाहिजे. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतील हा बारावा खंड. आमच्या नातवाने तो पडद्यावर उघडून दिला आणि चष्मा पुसून आम्ही दोन रात्री तो वाचीत बसलो.

त्यातील वर्णन इतके नेटके आहे की, ते वाचून कोणीही भट्टी लावावी. पावसाळ्याच्या अखेरीस गवत पिकू लागले म्हणजे मुसलमान भट्टीवाले ते भिल्लांकडून विकत घेत, गंजी रचीत आणि जेथे सरपण व पाणी मुबलक अशा ओढ्याच्या काठी भट्ट्या मांडीत. खड्डा खणून चूल करावयाची. तिच्यावर ३० ते ५० घागरी पाणी मावेल एवढी तांब्याची वा लोखंडाची कढई. तीत थोडे पाणी घालून कापलेले गवत काठोकाठ भरावयाचे, वर थोडे आणखी पाणी, मग पत्र्याचे झाकण ठेवून सांधा कणकेने बंद करावयाचा. झाकणाच्या भोकातून वेळूची नळी निघे. तिला कापड गुंडाळून वर उडदाच्या पिठाचा लेप देत व दोराने आवळीत. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात. वाफ तेथे थंड होऊन साचे आणि ते भांडे भरत आले म्हणजे आपोआप हलू लागे. भांडे हलले की नळी हातोटीने काढावयाची, आतले पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावयाचे आणि वर तरंगून आलेले तेल हलक्या हाताने निपटून घ्यावयाचे. उरलेले पाणी टाकावयाचे नाही, ते पुन्हा नव्या गवतावर.

या धंद्याचे मूळ स्थान पिंपळनेर. तिकडे गवत विरळ झाले तसा तो नंदुरबार, शहादे, तळोदे व अक्राणी इकडे सरकला. सन १८७९-८० मध्ये खानदेशात अशा १९७ भट्ट्या होत्या आणि त्यांतून सुमारे १०० मण, आजच्या मापाने सुमारे ३,६०० किलो, तेल निघाले. शाळामास्तराची खोड म्हणून आम्ही गणित करून पाहिले. शंभर किलो हिरव्या गवतातून फार तर अर्धा किलोच्या आसपास तेल मिळते. त्या हिशेबाने एका हंगामास निदान सात लाख किलो गवत कापले गेले असले पाहिजे. ते कापणारे हात भिल्ल बांधवांचे होते. एवढे करून एका भट्टीच्या वाट्यास अर्धा मण तेल येई!

तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेस जाई, अथवा धुळे-मनमाडवरून मुंबईस येई. पुढे ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि बैलांचे काम हलके झाले. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्राच्या अरबी बंदरांवर व तेथून कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, येथे पोचे. येथवरची कथा अभिमानाने सांगण्यासारखी आहे. येथून पुढे मात्र तेलाने आपले नाव गमावले. तुर्की व्यापारी त्यास इद्रिस यागी म्हणत. लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर ते घुसळून उन्हात ठेवीत, त्यामुळे त्याचा तिखटपणा जाई व रंग फिका होई. मग ते गुलाबाच्या अत्तराच्या भेसळीस सिद्ध होई. गुलाबाच्या पाकळ्या भट्टीत जाण्यापूर्वीच त्यांवर हे तेल शिंपडण्याची युक्ती बाल्कन प्रदेशात रूढ होती. लंडनमध्ये सन १८७४ त निघालेल्या फ्ल्युकिगर व हॅनबरी यांच्या औषधिद्रव्यांच्या ग्रंथात या सर्व प्रकाराची हकिकत आहे. युरोपात पुष्कळ काळ हे तेल तुर्की जिरेनियमचे तेल म्हणून विकले गेले. नंदुरबारचे गवत घरून निघाले रोशा म्हणून, आणि पॅरिसच्या शौकिनाच्या रुमालावर पोचले गुलाब म्हणून!

आमच्या लहानपणी आजोबांच्या दुकानाच्या ओट्यावर तुर्कांच्या या लबाडीची गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाई. आणि तेल बिघडते कोठे, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असे. भट्टीवाले लबाड, ते पाणी व घाणीचे तेल घालतात. आम्हीही हेच समजून वाढलो, आणि हा लेख लिहावयास घेईपर्यंत आमची तीच समजूत होती.

परंतु त्या काळच्या लेखकांनी निराळेच लिहून ठेवले आहे. भट्टीवरून निघालेले शुद्ध तेल फिक्या मदिरेच्या रंगाचे व नाकास झोंबणारे असते. भुईमुगाचे, तिळाचे, जवसाचे तेल त्यात मिसळतात ते व्यापारी, आणि टर्पेंटाइन घातले तर तेल गढूळही होत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. आता हे व्यापारी कोण? गवत कापणारे भिल्ल. भट्टी लावणारे मुसलमान. मधल्या पेठेत गादीवर बसून खरेदी-विक्री करणारी घरे कोणाची होती, हे या स्मरणिकेच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. ती सगळीच आपली नव्हती, हे खरे. पण काही आपली होती, आणि एक तर आमचेच होते.

आम्ही ट्रंक उघडली. मोडी आम्हास अडखळत का होईना वाचता येते. सन १९५२-५३ च्या हंगामाची चोपडी हाती लागली. मार्गशीर्षात रोशाच्या तेलाची खरेदी ११ मण. त्याच पंधरवड्यात तिळाच्या तेलाची खरेदी, आणि हे तेल पुढे कोठे किरकोळ विक्रीस गेल्याची नोंद नाही. पौषात मुंबईच्या एका अडत्यास रोशाच्या तेलाची रवानगी १५ मण. आम्ही बेरीज-वजाबाकी पुन्हा करून पाहिली. छत्तीस वर्षे मुलांची गणिते तपासली, पण अकरातून पंधरा वजा जाऊन कोणाच्या घरात लग्न होते, हा धडा आम्हास प्रथमच मिळाला. त्या साली आमच्या आत्याचे लग्न झाले होते.

तेव्हा एक विसरलेली आठवण वर आली. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. भट्टीवाला डबे घेऊन येई. आजोबा चोपडीच्या पानाच्या कडेस काडीने एक थेंब टाकीत व कंदिलाच्या तापलेल्या काचेजवळ ते पान धरीत. डाग उडाला तर सौदा होई; राहिला तर भट्टीवाल्यास चारचौघांत लबाड म्हणून परत पाठवीत. सौदा झाल्यावर प्रथम घरच्यासाठी चिनी मातीची एक बरणी भरली जाई. आजी तीस घरचा बुधला म्हणे. बुधले केव्हाच गेले होते, शब्द राहिला होता. मग आम्हास बाहेर खेळावयास पिटाळीत आणि माजघराचे दार लावून घेत. आतून डबे सरकविल्याचा आवाज येई. कागदाची परीक्षा आजोबांस उत्तम ठाऊक होती, याचा अर्थ आज आम्हास निराळा लागतो. घरचा बुधला वेगळा भरणारा मनुष्य काय करीत आहे, हे त्यास पुरते कळत होते. ते दुष्ट नव्हते. दुष्काळात त्यांनी उधारी सोडली होती, हेही त्याच चोपड्यांत आहे. सगळेच करतात, तुर्क तर आपल्याहून अधिक करतात, अशी त्यांची समजूत असावी.

आता पुन्हा गच्चीवरील त्या डब्यांकडे वळू. रोशाचे तेल संधिवातावरून मागे पडले व ही मलमे पुढे आली, ती कशी? ज्या मुंबई बंदरातून आपले तेल परदेशी जात होते त्याच मुंबईत सन १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी अमृतांजन काढले. संगीताच्या जलशांत ते मोफत वाटून त्यांनी लोकांस त्याची सवय लावली. मलमाच्या मिळकतीवर त्यांनी सन १९०८ मध्ये आंध्र पत्रिका हे साप्ताहिक मुंबईसच सुरू केले आणि सन १९१४ मध्ये ते मद्रासेस नेले. सन १९१० मध्ये जामनगरचे प्रसिद्ध वैद्य झंडू भट्टजी यांच्या नावाने त्यांचे नातू जुगतराम वैद्य यांनी मुंबईत औषधांचा कारखाना काढला. त्याचे मलम आज घराघरांत आहे. वाघाच्या चित्राचे मलम रंगूनच्या एका चिनी वैद्याच्या मुलांचे. ते पुढे सिंगापुरास गेले.

या मलमांतील द्रव्ये कोठकोठून आली, ते पाहिले तर भूगोलाचा तास होईल. निलगिरीची झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची. उटकमंडास ती सन १८४३ च्या सुमारास सरपणासाठी लावली गेली. गंधपुरा आपल्याच निलगिरी व आसामच्या डोंगरांतला. पण त्याचे मुख्य द्रव्य मेथिल सॅलिसिलेट आता बहुतांशी रसायनशाळेत बनते. कापूर चीन-जपानकडचा; तैवानातील कापरावर जपान सरकारने सन १८९९ मध्ये मक्ता बसविला आणि भाव असे चढविले की, युरोपने टर्पेंटाइनपासून कापूर बनविण्याची विद्या शोधून काढली. ज्या टर्पेंटाइनने रोशाचे तेल बिघडविले तेच पुढे देव्हाऱ्यातला कापूर होऊन बसले, हा विनोद आमच्या मनात राहून राहून येतो. पुदिन्याचे सत्त्व एके काळी जपानचे होते. आज उत्तर प्रदेशातील शेतांवर त्याचे एवढे पीक येते की, जगात या बाबतीत आपल्या देशाचा क्रमांक पहिला लागतो.

चोळल्यावर ऊब किंवा गारवा वाटतो तो कसा, हेही आता उकलले आहे. मलमाने सांधा खरोखर तापत वा निवत नाही. त्वचेत उष्णता व शीत जाणणारी मज्जातंतूंची टोके असतात. पुदिन्याचे सत्त्व शीत जाणणाऱ्या टोकांस चेतविते, आणि ही संवेदना मूळ वेदनेस काही काळ मागे सारते. स्पर्श व तापमान यांच्या जाणिवेचे हे गूढ उलगडणारे डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांस सन २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुहूच्या चौपाटीवर बाटल्यांचा स्टँड हलवीत फिरणाऱ्या मालिशवाल्यास यातले काही ठाऊक नसले तरी चोळण्यानेच अर्धे काम होते, हे तो जाणतो.

ओघात एक सूचना माताभगिनींस. ही द्रव्ये बाहेरून लावावयाची. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाचा एक लहान चमचा पोटात गेला तर वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्या गिळल्यासारखे होते, आणि लहान मुलाच्या जिवावर बेतते. कापूर पोटात गेल्यास मुलांस झटके येतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला तर यांपैकी काहीही लावू नये. या बाटल्या देव्हाऱ्याखालच्या उघड्या फळीवर ठेवण्याची आपल्या घरांतील चाल मोडावी.

असो. या मलमांत आमच्या रोशाचे तेल का नाही? त्याचा मोठा भाग साबण व अत्तरे यांकडे गेला, हे एक कारण आहेच. आजही पामारोजा या नावाने त्यास मागणी आहे व त्याची शेती होते. परंतु आमच्या मते खरे कारण निराळे आहे. मलमाच्या डबीत आज जे असते तेच उद्या असते. सांगली असो वा जुहू असो, झाकण उघडले की तोच वास, तोच रंग, तीच झोंब. रोशाच्या तेलाचे तसे नव्हते. ओढ्याकाठी ते एक, पेठेत दुसरे, मुंबईत तिसरे. एका बाटलीने गुण यावा आणि दुसरीने येऊ नये, मग तिसरी कोणी घ्यावी? शास्त्रात वा गुणात नव्हे, तर विश्वासात ते तेल हरले, आणि तो विश्वास तुर्कांनी घालविण्यापूर्वी आम्ही घालविला होता. चिटणीसांस आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, स्मरणिकेत हे कशाला?" आम्ही म्हणालो, छापावयाचे असेल तर हे सगळे छापा, नाहीतर यंदा आमचा फोटो तेवढा छापा. त्यांनी लेख ठेवून घेतला, याबद्दल त्यांचे आभार मानणे आमचे कर्तव्य आहे.

लेख संपत आला तेव्हा एक गोष्ट मनात डाचू लागली. मावशींचे सासर शहाद्याचे. सन १९५० च्या पुढची ही गोष्ट, आणि त्या काळी शहाद्याच्या पेठेत रोशाचे तेल सुटे मिळण्याचे त्यांच्या आळीजवळचे दुकान एकच होते.

गेल्या महिन्यात चोपडी पिशवीत घालून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या जुहूतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहतात. चहा झाल्यावर आम्ही चोपडी उघडली आणि जे काही सांगावयाचे ते सांगितले. दुकान कोणाचे, तेल कशाचे, आणि सासूबाईंच्या गुडघ्यास गुण का येत नव्हता. त्यांच्या हातात दोष नव्हता, हेही सांगितले. ते सांगताना आमची जीभ थोडी अडखळली. त्या काही वेळ आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चोपडी मांडीवर ओढून घेतली. मार्गशीर्षाच्या त्या पानाच्या कडेस ओळीने काही ठिपक्यांच्या जागा आहेत. काहींच्या खाली शाई फक्त फुटली आहे, कागद स्वच्छ आहे. रवानगीच्या नोंदीजवळ मात्र एक वाटोळा पिवळट डाग अजून तसाच आहे. मावशींनी त्या डागावर बोट ठेवले, पान उचलून नाकाशी नेले. सत्तर वर्षांनी वास कसला येणार?

"तीळ," असे म्हणून त्यांनी चोपडी मिटली व आमच्या हाती परत दिली.